जाळीचा कोपरा

१२ जानेवारी

चि.,

पुढे 'सौ.' लिहावं की न लिहावं, या घोळात पेनातली शाई वाळायची वेळ आली. कागदोपत्री तू आता माझी सून नाहीस. काडीमोड झाल्यावर सासूने सुनेला काय म्हणून पत्र लिहायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा नुसतं चि. लिहिते. तू जगावंस एवढी इच्छा अजून शिल्लक आहे, त्यापुढचं काही गृहीत धरू नकोस. पत्ता तुझ्या वकिलाच्या पाकिटावरून उतरवून घेतला.

खुशाली विचारायला लिहीत नाहीये. काल भर वर्गात माझी शोभा झाली आणि ती तुझ्यामुळे झाली, म्हणून लिहितेय.

सुईच्या जाळीचा वर्ग अजून चालतो. वाचनालयामागची तीच खोली, तीच लांब टेबलं, कोपऱ्यातला तोच नळ, कितीही आवळला तरी ठिबकणारा. निवृत्त नर्स अजून येते आणि अजूनही जखम शिवल्यासारखा टाका घालते. शिंप्याच्या दोघी मुली येतात. घरी बसू देत नाहीत, इथे बसायला मिळतं. आणि हल्ली एक नवीन येते. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, स्वतःला मात्र चष्मा नाही, म्हणून नर्सने तिचं नावच चष्मेवाली पाडलं. हात चांगला आहे. तोंड त्याहून चांगलं आहे.

काल मी त्यांना पीळगाठ दाखवत होते. सुईभोवती दोरा तीनदा गुंडाळायचा, सुई ओढायची, की गाठ बसली. पहिल्या दिवशी मी तुला जसं सांगितलं होतं तसंच सांगत होते, की अशा गाठी शेजारी शेजारी घालत जा, जाळी आपोआप होते. चष्मेवाली बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "बाई, तुमचं उलटं होतंय."

नर्सची सुई हवेतच राहिली. उलटं म्हणजे काय गं, असं मी विचारलं, तर पोरीने फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. फोनमध्ये जाळी शिकवणारा व्हिडिओ आणि त्यात तुझे हात. चेहरा दाखवत नाहीस, शहाणी आहेस, पण ते हात मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? अंगठ्याच्या नखावरची उभी चीर माझ्याच कात्रीची आहे.

मी ते चष्मेवालीला पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. आधी मला वाटलं तू विसरलीस. मग तुझ्या हातांमागे कपाटावरचं खोकं दिसलं. त्यावरची अक्षरं उलटी आहेत. फोन समोर उभा केलास ना, स्वतःचं स्वतःला दिसावं म्हणून, आरशासारखा? आरशात उजवा हात उजवीकडेच दिसतो, त्यामुळे बघणारीला संशय येत नाही. पण हाताचं फिरणं उलटतं. तू दोरा फिरवतेस घड्याळाच्या काट्याबरोबर, आणि तिला तो काट्याच्या विरुद्ध फिरताना दिसतो. ती तसाच शिकते.

दोऱ्याला पीळ असतो, हे तुला सांगायला नको. आपला फेरा त्या पिळाच्या दिशेने पडतो म्हणून गाठ घट्ट होत जाते. उलटा फेरा घेतला की गाठीगणिक दोऱ्याचा पीळ उकलत जातो. नवी जाळी हाताला मऊ लागते, बायका गालाला लावून बघतात, किती छान म्हणतात. धुतली की तिचा चोथा होतो.

मी चष्मेवालीला एवढंच म्हटलं, की तू ज्या हातांवरून शिकलीस त्या हातांना मीच शिकवलंय. तिने मान डोलावली आणि पुन्हा फोनकडे बघितलं.

ते सगळं काढून टाक. फोन सरळ धर आणि पहिल्यापासून नीट शिकव. माझं नाव घालू नकोस, आजवरही घातलं नाहीसच.

तो बरा आहे. तू विचारणार नाहीस आणि मी सांगितल्यावाचून राहणार नाही.

तुझ्या माजी नवऱ्याची आई


२ फेब्रुवारी

चि.,

मी कागदावर पत्र लिहावं, पाकीट चिकटवावं, टपालात टाकावं, आणि तू उत्तर पाठवावंस चष्मेवालीच्या फोनवर, तिने तुझ्या व्हिडिओखाली आमच्या वर्गाबद्दल लिहिलं होतं तिथे. तिने ते वर्गात सगळ्यांदेखत वाचून दाखवलं. तुझं उत्तर असं, की आता हजारो जणी तशाच शिकल्या आहेत, बदलणं शक्य नाही, आणि दिसायला काही फरक पडत नाही. पुढे विचारलंस, कोपरा शिकवाल का?

धन्य आहे तुझी. शिंप्याच्या मुलींनीसुद्धा एकमेकींकडे बघितलं.

मी चष्मेवालीकडून तुझे सगळे व्हिडिओ बघून घेतले. सरळ पट्टी येते तुला, आणि चांगली येते. वाईट येत असती तर त्यात माझी नाचक्की होती. पण पट्टी कोपऱ्यापाशी आली की तुझा व्हिडिओ संपतो. रुमाल असो की मेजावरचं कापड, तू चार पट्ट्या वेगवेगळ्या करतेस आणि कोपऱ्यांत शिवून टाकतेस. आपल्याकडची जाळी चारही बाजूंनी अखंड वळते, तिला कुठे जोड नसतो. ते तुला माहीत आहे, पण वळवता येत नाही, कारण तेवढं शिकायचं राहिलं आणि तू निघून गेलीस. बघणाऱ्या बायका व्हिडिओखाली लिहून विचारतात, ताई, कोपरा कधी दाखवणार? तू त्यांना म्हणतेस, लवकरच. किती सहज म्हणतेस.

आता माझं ऐक. मला माझ्या सासूने शिकवलं, कारण तिच्या मुलींना सुई म्हटलं की अंगावर काटा यायचा. तिच्या वयाच्या ज्या दुसऱ्या होत्या त्या गेल्या. कोपरा वळवणारी आता मी एकटी उरले आहे. हे मी मोठेपणाने सांगत नाही, मोठेपण मिळवायला मागे कुणीतरी लागतं. सकाळी माझ्या बोटांना कप धरवत नाही. डॉक्टरांनी बोटं दाबून बघितली आणि म्हणाले, आता ही सरळ व्हायची नाहीत, वाकडी व्हायला किती वेळ लावतात एवढंच बघायचं. डॉक्टर विनोदी आहेत.

तेव्हा व्यवहाराचं बोलते. तू गाठ सुधार, मी कोपरा देते. गाठ सुधारली नाहीस तर कोपरा माझ्याबरोबर जाईल आणि मला त्याचं काही वाटणार नाही.

शेवटचं वाक्य खोटं आहे, पण पेनाने लिहिलेलं खोडलं की घाण दिसतं.


१९ मार्च

चि.,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मलाही फोनवर वाचून घ्यायची हौस नव्हती.

इथे एक गंमत झाली आहे. सरकारी प्रशिक्षण केंद्रात सुईच्या जाळीचा वर्ग सुरू होतोय. जुन्या कला जगल्या पाहिजेत, असं त्यांच्या मनाने घेतलंय. नर्सने माझा अर्ज भरला, मी सही केली, आणि मला मुलाखतीला बोलावलं. मी चांगली साडी नेसून गेले. इतक्या वर्षांत मला मुलाखतीला कुणी बोलावलं नव्हतं. खरं सांगते, आदल्या दिवशी मी केस धुतले.

टेबलापलीकडे एक साहेब होते आणि त्यांच्या शेजारी एक बाईसाहेब, तुझ्याच वयाच्या, गळ्यात ओळखपत्र. त्या नव्या वर्गाच्या प्रमुख. मला सुई, दोरा आणि कापड दिलं. मी बोटांना म्हटलं, आज तरी लाज राखा, आणि त्यांनी राखली. लहानशी पट्टी केली. बाईसाहेबांनी ती उजेडात धरली, उलटी करून बघितली, भिंग लावलं. काम फार सुंदर आहे म्हणाल्या. मग मऊ आवाजात, आजारी माणसाला सांगतात तसं म्हणाल्या, "आजी, पण तुमच्या गाठीचा फेरा उलटा आहे."

त्यांनी मला त्यांचा अभ्यासक्रम दाखवला. गाठीचं चित्र होतं, बाण काढून दिशा दाखवली होती. चित्रातल्या अंगठ्याच्या नखावर उभी चीर होती. चित्रकाराने तीसुद्धा इमानाने उतरवली आहे.

मी त्यांना पिळाचं सांगितलं. दोरा उभा धरून दाखवला. साहेब आवडीने ऐकत होते. पण अभ्यासक्रम मंजूर झालेला आहे, पुस्तकं छापून आली आहेत, आणि मुली दोन बायकांकडून दोन तऱ्हा शिकल्या तर परीक्षा कशी घ्यायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येईना, तेच जास्त लागलं. शेवटी साहेबांनी मला सन्मानाने एक काम देऊ केलं. मुलींना दोरे मापून कापून द्यायचे आणि अधूनमधून जुन्या आठवणी सांगायच्या.

मी चहा पिऊन आले. चहा चांगला होता.

तुला हे कळवते आहे ते रडगाणं म्हणून नव्हे. तुझी आरशातली चूक आता पुस्तकात गेली आहे, अभिनंदन करायला हवं म्हणून.

तो हल्ली लवकर घरी येतो.


६ मे

चि.,

मी तुझी जाळी धुतली.

तुझी म्हणजे चष्मेवालीची. तुझ्याकडून शिकून तिने एक गळपट्टी केली होती, ती मागून घेतली. शेजारी माझी एक पट्टी ठेवली. वर्गातल्याच नळाखाली सगळ्यांसमोर दोन्ही धुतल्या, साबण लावून, रोज वापरायचं कापड चोळावं तशा चोळल्या, आणि खिडकीत वाळत घातल्या. पुढच्या खेपेला पुन्हा धुतल्या. मग पुन्हा. माझी पट्टी पहिल्यापेक्षा घट्ट झाली. तिची गळपट्टी केसाळ झाली, गाठी सुटून भोकांना भोकं मिळाली, आणि शेवटी मधोमध दोरा तुटला. मी ती टेबलावर पसरून ठेवली. न बोलता जिंकण्यात फार सुख असतं.

ते सुख मला फार वेळ मिळालं नाही. चष्मेवालीने गळपट्टी हातात घेतली. रडेल असं वाटलं होतं, पण ती विचार करत होती. मग म्हणाली, "बाई, तुमचं खरंय. पण आता धुतं कोण?"

मी म्हटलं, म्हणजे काय. तर म्हणाली, ही जाळी आता कुणी गळ्याला लावत नाही, मेजावरही टाकत नाही. लोक विकत घेतात, चौकटीत काचेखाली बसवतात आणि भिंतीवर टांगतात. तिच्या दुकानातही एक टांगली आहे, चष्म्याच्या फ्रेमांच्या वर. तिला कधी पाणी लागणार नाही.

नर्स म्हणाली, हे मात्र बरोबर आहे.

मी वर्ग लवकर सोडला. घरी येऊन बसून राहिले. माझ्या सासूने माझ्या हातची आख्खी पट्टी उसवली होती ती या धुण्यापायी. मी तुझ्या उसवल्या त्याही त्यापायीच. रोज अंगावर घालायच्या, रोज मळायच्या, रोज धुवायच्या कपड्यांसाठी ही गाठ कुणीतरी कधीतरी शोधून काढली. आणि आता कुणी मळवणारच नाही. मी बरोबर आहे आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, निदान वाकडी होण्याआधी बोटांना तरी.

कापड ताणायची माझी जुनी चौकट पडून मोडली. नवीन मिळते का ते बघते आहे.


२८ मे

चि.,

तुझं पत्र आलं. कागदावरचं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि दूध उतू गेलं. आधी दूध पुसलं, मग पुन्हा वाचलं.

तू लिहितेस, "आई, दुसऱ्या व्हिडिओच्या वेळीच माझ्या लक्षात आलं होतं. खोक्यावरची अक्षरं मीही वाचली. मुद्दाम तसंच ठेवलं. त्या घरात सगळं तुमच्या हाताप्रमाणे चालायचं. मला रडू आलं तरी तुम्ही म्हणायचात, ओळ पुरी कर, मग रड. एक गाठ तरी मला तुमच्यासारखी नको होती."

म्हणजे चूक नव्हती. मी चार महिने तुला चुकीबद्दल झापते आहे आणि तू ती जाणूनबुजून केलीस. हजारो बायकांना, केंद्रातल्या त्या बाईसाहेबांना, साहेबांना, चष्मेवालीला, सगळ्यांना तू माझ्यावरच्या रागापायी उलटं शिकवलंस. मला वाईट वाटलं असं लिहीत नाही. मला राग आला आहे.

ओळ पुरी कर असं मी म्हणत असे, ते खरं आहे. अर्धी ओळ सोडली की दोरा ढिला पडतो आणि नंतर कुणाच्या बापाला ती नीट करता येत नाही. तू रडलीस त्या दिवशी तुझा ओठ सुजलेला होता, तेही मला दिसत होतं. कपाटाचं दार लागलं असं तू म्हणालीस आणि मी कपाटाकडे बघितलं. विचारून काय झालं असतं, ते तू मला सांग. तो तुझ्यावर हात टाकायचा ते मला माहीत होतं. मी त्याला जन्म दिलाय, तो काय आहे हे मला तुझ्याआधी माहीत होतं. त्याच्या बापानेही माझ्यावर टाकला होता. माझ्या सासूने ते बघितलं, माझ्यापुढे चौकट ठेवली आणि म्हणाली, ओळ पुरी कर. तिने गाठ शिकवली आणि त्याबरोबर हेही शिकवलं. मला वाटलं, हे असंच शिकवायचं असतं, सगळं मिळून एकच काम आहे.

तुला त्यातलं एक घेऊन दुसरं टाकता आलं. मला आलं नाही. पण म्हणून माझी गाठ उलटी करून जगाला वाटायचा हक्क तुला मिळत नाही. माझ्यावर राग होता तर मला शिव्या द्यायच्या होत्यास, दारात उभं राहून. दोऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं?

शेवटी तू पुन्हा लिहितेस, कोपरा मात्र शिकवा, तो तुमच्याबरोबर जाऊ नये असं मनापासून वाटतं. मनापासून. मी तो शब्द तीनदा वाचला.


१४ जून

चि.,

कोपरा मिळणार नाही. पुन्हा विचारू नकोस.


२० ऑगस्ट

चि.,

मागचं पत्र टपालात टाकलं आणि घरी येऊन मी जेवले नाही. राग एवढा होता की भूक त्यात बुडून गेली. आता राग तेवढाच आहे, पण भूक लागते. माणसाचं असंच असतं.

मधे काय काय झालं ते सांगते, कारण शेवटी त्याचा तुझ्याशी संबंध आहे.

जुलैमध्ये चष्मेवालीने केंद्रात शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. ती मला सांगायला घरी आली. चपला दाराबाहेर काढल्या, आत आली, बसली नाही. म्हणाली, तिथे लागायचं तर पुस्तकातल्या गाठीनेच शिकवावं लागेल. पण पुस्तकात कोपरा नाही. बाईसाहेबांनाही येत नाही. तुम्ही मला कोपरा शिकवा, पण उलट्या फेऱ्याने शिकवा.

मी तिला सुनवायचं तेवढं सुनावलं. तुझ्या वाट्याचंही तिलाच ऐकवलं, बिचारीला कारण कळलं नसेल. जी जाळी धुण्यात टिकत नाही तिला कोपरा काय आणि मधला भाग काय, सगळं चिंध्यांतच जायचं आहे, असं म्हटलं. ती सगळं ऐकून घेत होती. मग टेबलावरचं माझं दोऱ्याचं रीळ उचललं, खिडकीपाशी नेलं, दोरा ताणून त्याचा पीळ बघितला. मी त्या दिवशी साहेबांना दाखवला होता तसाच. आणि म्हणाली, "मग दोराच उलट्या पिळाचा घेतला तर?"

मी इतकी वर्षं हे काम करते. हे मला कधी सुचलं नव्हतं. उलटं करायची वेळच कधी आली नव्हती म्हण, किंवा माझी अक्कल तेवढीच होती म्हण. फेरा उलटा आणि दोऱ्याचा पीळही उलटा, की पुन्हा दोन्ही एका दिशेने जातात आणि गाठ आवळते. लहान मुलालाही कळेल. मी तुला पत्रांवर पत्रं लिहून शिव्या घालत बसले.

तसला दोरा मिळतो. दोरेवाल्याकडे त्याची खोकी धूळ खात पडली होती, कारण त्याने कधी चुकून तो मला दिला की मी त्याच्या तोंडावर परत करायचे. यावेळी मी मागायला गेले तेव्हा त्याने आधी माझी तब्येत विचारली.

महिनाभर मी उलट्या फेऱ्याने शिकले. हो, शिकले. चष्मेवालीने मला शिकवलं. तिचं बोट माझ्या बोटावर ठेवून ती फेरा फिरवायची, मी तुझ्या बोटावर ठेवायचे तसं. फरक एवढाच, की मी चुकले तर ती हसायची. मी तुला हसले नव्हते. पट्टी जमली तेव्हा आम्ही ती धुतली, पुन्हा धुतली, नर्सने तर उकळून काढली. हलली नाही. मग मी तिला कोपरा दिला. बाजूची शेवटची गाठ तिथे आवळायची नसते. ती सैल ठेवायची, चौकट वळवायची, पुढच्या बाजूची पहिली गाठ घालायची, आणि मग दोन्ही मिळून एकाच ओढीत आवळायच्या. केवढी ओढ, ते लिहून कळत नाही. चष्मेवालीच्या हाताला ते कळलं. पहिल्या खेपेला नाही, पण कळलं. मी तो कोपरा डोळ्यांजवळ नेला, त्यात जोड शोधला आणि तो सापडला नाही. मला रडू आलं. ती म्हणाली, बाई, पाणी आणू? मी म्हटलं, ओळ पुरी कर. आणि मग जीभ चावली आणि म्हटलं, राहू दे, आण पाणी.

त्या रविवारी एकटीने बसून मी आपली जुनी गाठ घालायला घेतली, सरळ फेऱ्याची, जुन्या दोऱ्याने. हात उलटा गेला. पुन्हा घेतली, पुन्हा उलटा. बोटांत तेवढीच एक तऱ्हा मावत होती आणि तिच्यावर आता दुसरी बसली आहे. म्हणजे माझ्या सासूची गाठ आता धड कुणालाच येत नाही. तुला येते, पण तू ती मुद्दाम टाकलीस. तुला हवं होतं तसं झालं. सुखी राहा.

चष्मेवालीला केंद्रात जागा मिळाली. तिने बाईसाहेबांना दोऱ्याचं पटवलं. माझ्याकडून त्यांना पटलं नाही, तिच्याकडून पटलं, कारण ती त्यांच्याच पुस्तकातून शिकल्यासारखं बोलते. नव्या पुस्तकात दोऱ्याबद्दल एक ओळ जाणार आहे. तूही तुझ्या त्या हजारो जणींना दोरा बदलायला सांग. एवढं तर करशील. त्यात माझ्यासारखं काही नाही.

आता तुझं. मेच्या पत्राच्या तळाशी तू लिहिलं होतंस, एकदा येते, समोर बसून शिकते. येऊ नकोस. माझी चौकट पडून मोडली असं मी तुला कळवलं होतं. चौकटी आपल्या आपण पडत नाहीत, तुझ्याइतकं ते कुणाला माहीत आहे? तो इथेच आहे, इथेच राहणार. मी त्याला घालवणार नाही. मला जमणार नाही, आणि जमेल असं खोटं तुला लिहिणार नाही. तू या दारात पाय ठेवायचा नाहीस. ही माझी रागाने घातलेली बंदी आहे असं समजायचं असेल तर तसं समज, पण पाळ.

केंद्रात बाहेरगावच्या बायकांसाठी वेगळा वर्ग आहे. तिथे नाव घाल. कोपरा तुला मी शिकवणार नाही, चष्मेवाली शिकवेल. तू माझी कोण, ते मी तिला सांगितलेलं नाही. तुझ्या नखावरची चीर बघून तिचं ती ओळखेल. तुझ्या हातांवरून शिकलेली पोर आहे, वयाने तुझ्याहून बरीच लहान आहे, तुला ते जड जाईल. जाऊ दे जड. हसेल ती, तू चुकलीस की, हसू दे.

माझ्याकडे शिकत होतीस तेव्हा तू मला आई म्हणायचीस. सगळं बिघडलं ते तिथेच. तिला बाई म्हण.